जीन्स शिवताना कमरेमागची फट

कमरेला मापात आणि खाली बसलं की मागे चार बोटं फट, हे जीन्सचं नेहमीचं दुखणं. बेल्ट आवळून ते जात नाही, नुसत्या चुण्या पडतात. इलाज मागच्या योकमध्ये, म्हणजे बेल्टपट्टीखालच्या आडव्या तुकड्यात आहे.

डेनिम कापण्याआधी दोनदा गरम पाण्यात धुवा, नाहीतर शिवल्यावर आटतं. मग सगळे भाग ४-५ मिमीच्या कच्च्या टाक्याने जोडा, घाला आणि खुर्चीवर बसून बघा (आरशासमोर उभं राहून सगळं छानच दिसतं!). मागचं जादा कापड टाचणीने चिमटीत धरा. समजा ३ सेमी निघालं, तर एका बाजूचं दीड. त्यातलं निम्मं मधल्या शिलाईत घ्या. उरलेल्यासाठी योकच्या कागदी नमुन्याला वरून खाली चीर द्या, खालचं टोक न तोडता वरच्या कडा पाऊण सेमी एकमेकींवर चढवा. बेल्टपट्टीही एकूण तेवढीच, म्हणजे ३ सेमी, कमी करा. सरळ पट्टीपेक्षा किंचित गोलाईची कापलेली अंगाला चिकटून बसते.

सुई १६ नंबरची. जाड जोडावर हातोडीने हलकं ठोका आणि मशीनचं चाक हाताने फिरवा. सुया वाचतात.