स्कॉच कॉर्नरला वळताना

इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशायरमधली स्कॉच कॉर्नर ही चिमुकली वस्ती सगळ्यांना ठाऊक आहे ती तिथल्या फाट्यामुळे. ए1(एम) या मोटरवेने उत्तरेकडे जाताना एडिनबराला जायचं असेल तर सरळ चालत राहा. ग्लासगो किंवा लेक डिस्ट्रिक्टला जायचं असेल तर जंक्शन 53 ला बाहेर पडा आणि ए66 ने पश्चिमेला पेनरिथ गाठा. अंतर साधारण 50 मैल. तिथे एम6 मोटरवे मिळतो.

गडबड होते ती आकड्यांमुळे. 53 नंतर 54 आणि 55 नाहीतच, पुढचा फाटा थेट 56. त्यानंतर 57 ला पुन्हा '66' दिसतो, पण तो रस्ता पूर्वेला डार्लिंग्टनकडे नेतो. म्हणून पाटीवर आकड्यापेक्षा 'पेनरिथ' हे नाव शोधा.

ए66 वर दुपदरी (मध्ये दुभाजक असलेले) आणि एकपदरी (दुभाजक नसलेले) टप्पे आलटून पालटून येतात. कारची वेगमर्यादा दुपदरीवर ताशी 70 मैल, एकपदरीवर 60. दुपदरी संपत आली की मालट्रकला मागे टाकायची घाई नकोच, इथले वाईट अपघात समोरासमोरचे असतात.

हिवाळ्यात बोज आणि ब्रफ यांच्यामधला स्टेनमोरचा घाट बर्फाने किंवा वाऱ्याने बंद होतो. स्कॉच कॉर्नरच्या सर्व्हिसेसमध्ये (म्हणजे हायवेवरच्या थांब्यावर) थांबून रस्ता चालू आहे ना ते बघा, काच धुण्याचं पाणी भरा. पार्किंग पहिले दोन तास फुकट असतं. इलेक्ट्रिक गाडी इथेच चार्ज करा, चढावर बॅटरी भराभर उतरते.