बहाई प्राध्यापकाने तुलनात्मक धर्म शिकवताना

तुलनात्मक धर्म शिकवणारा प्राध्यापक स्वतः बहाई असेल, तर त्याने ते पहिल्याच तासाला सांगून टाकावं. जळगाव-धुळ्याकडच्या वर्गात अनेकांना दिल्लीचं लोटस टेम्पल ठाऊक असतं, त्यापलीकडे फारसं नाही. गोष्ट झाकून ठेवली, तर मार्चमध्ये सरांचा उपवास लक्षात येतो आणि आधी शिकवलेलं सगळंच प्रचार वाटू लागतं. सोबत हेही सांगावं की बहाई धर्मात पुरोहितवर्ग नाही. प्राध्यापकाचं मत हे अभ्यासकाचं मत, त्याला धर्माधिकार नसतो.

इतिहास एका तासात उरकतो. 1844 मध्ये इराणातल्या शिराझला बहाई धर्माचे अग्रदूत बाब यांनी आपण ईश्वराचे दूत असल्याची केलेली घोषणा, 1850 मध्ये तब्रिझला त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, 1892 मध्ये आजच्या इस्रायलमधल्या अक्का शहराजवळ बहजी इथे धर्मसंस्थापक बहाउल्लांचं निधन. ‘हा इस्लामचा पंथ ना?’ असा प्रश्न येतोच. यहुदी परंपरेतून निघून ख्रिस्ती धर्म स्वतंत्र झाला, तसंच हे, एवढं उत्तर पुरतं.

तुलनेला सुरुवात मात्र सिद्धान्तापासून करू नये. केली की ‘सगळे धर्म सारखेच’ या वाक्यावर वर्ग थांबतो. सुरुवात कालगणनेपासून करावी. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचं, सौरवर्षापेक्षा 11 दिवसांनी लहान. आपलं पंचांग साधारण 32-33 महिन्यांनी अधिक मास घालतं, म्हणून खानदेशातली कानबाई देवी दरवर्षी श्रावणातच बसते. हिजरी वर्षात अशी भर नाही, म्हणून रमजान सुमारे 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. बहाई वर्ष सौर आहे: 19 महिने, प्रत्येकी 19 दिवस, म्हणजे 361, उरलेले 4 किंवा 5 दिवस ‘अय्याम-इ-हा’. मुलं हे दिवस हमखास वर्षाच्या शेवटी लिहितात. ते अठराव्या महिन्यानंतर येतात, मग एकोणिसावा उपवासाचा महिना, मग 20 किंवा 21 मार्चला नवरोज, म्हणजे बहाई नववर्ष. दुसरी चूक तारखेची. बहाई दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून 21 तारखेचा नवरोज 20 च्या संध्याकाळीच लागतो.

‘उपवास’ हा शब्द फळ्यावर लिहिताना जपावं. आपल्या कानाला उपवास म्हणजे साबुदाणा, भगर, शेंगदाणे. रोजा पहाट फुटण्याआधी सुरू होतो, बहाई उपवास सूर्योदयाला. दोन्हींत सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. तिन्हींना तीन वेगळे रकाने द्यावेत आणि सूट कोणाला, हे प्रत्येकाखाली लिहावं. बहाई नियम 15 ते 70 वयासाठी आहे. आजारी, प्रवासी, गर्भवती, अंगावर पाजणारी आई आणि अवजड कष्ट करणारे यांना सूट. रावेरच्या बागेत केळीचे घड डोक्यावरून वाहणारा मजूर बहाई असता तर? हा प्रश्न विचारला की मुलं नियमामागचा विचार शोधू लागतात.

प्रार्थनेच्या दिशेबाबत ‘मक्का’ आणि ‘अक्का’ यांची गल्लतही होते: मुसलमान मक्केकडे तोंड करतात, बहाई अक्काजवळच्या बहजीकडे. नकाशा भिंतीला लावून जळगावहून दोन दोरे ताणावेत. मक्केचा जवळजवळ सरळ पश्चिमेला जातो, अक्काचा त्याच्या बराच उत्तरेला, वायव्येकडे झुकलेला.

सगळ्यात अवघड भाग पुढे आहे. ग्रंथाची तुलना ग्रंथाशी, आचरणाची आचरणाशी. आपल्या धर्माचा आदर्श आणि दुसऱ्याच्या गावातलं भांडण एका तराजूत घालू नये. बहाई प्राध्यापकाला इथे खास धोका आहे: ईश्वरी शिकवण युगायुगाने टप्प्याटप्प्याने येते हा बहाई विचार साऱ्या धर्मांना एका ओळीत बसवतो आणि बहाउल्लांना या युगाचे अवतार ठरवतो. ती ओळ फळ्यावर काढली, की शेजारीच लिहावं की मुसलमानांच्या श्रद्धेप्रमाणे महंमद हे शेवटचे पैगंबर, आणि वारकऱ्याला विठ्ठलानंतर कोणाची वाट पाहायचीच नाही. समन्वयाची घाई करू नये, फरक तसाच उभा राहू द्यावा.

उत्तरपत्रिकेत ‘बहाई मानतात’ हे शब्द नसतील तर गुण कापावेत, आणि शिकवताना स्वतःकडूनच ते म्हणायचे राहून गेले असतील तर पुढच्या तासाला आधी तेवढी दुरुस्ती करावी.