उकडीच्या मोदकाचा स्टॉप-मोशन व्हिडिओ गटाने कसा करावा

गटप्रकल्पासाठी खाद्यपदार्थाचा आगळावेगळा व्हिडिओ करायचा असेल, तर उकडीचा मोदक स्वतःच स्वतःला घडवत आहे, अशी स्टॉप-मोशनची (वस्तू थोडीथोडी बदलत एकेक छायाचित्र टिपून ती सलग दाखवण्याची) कल्पना घ्यावी. सेकंदाला 12 छायाचित्रे धरली, तर 40 सेकंदांसाठी 480 छायाचित्रे लागतात. म्हणून मोबाइल ट्रायपॉडवर पक्का बसवून फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) लॉक करावे, आणि खिडकीतला उजेड सतत बदलत असल्याने पडदे ओढून केवळ दिव्याच्या प्रकाशात काम करावे. खरी अडचण उकडीची असते. ती लवकर सुकते आणि पारीला तडे जातात, त्यामुळे एकाने फक्त उकड ओल्या फडक्याखाली झाकून ठेवण्याचे आणि तेलापाण्याच्या हाताने पुन्हा मळून देण्याचे काम करावे. मला हे काम कॅमेऱ्याइतकेच मोलाचे वाटते. प्रत्येक कळी पाडल्यावर हात चौकटीबाहेर घेऊन दोन छायाचित्रे टिपावीत. मोदकपात्रातली वाफ मात्र सलग चित्रित करावी आणि दिवा वाफेच्या मागच्या बाजूला ठेवावा, म्हणजे गडद पार्श्वभूमीवर ती ठळक दिसते. नारळ खवण्याचा आवाज पंखा बंद करून स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करावा.