दुखणं घेऊन विमानात बसताना या चुका टाळा

मुलगा दुबईत किंवा बंगळूरला, आई-वडील सोलापुरात आणि तिकीट मुलानं रात्री मोबाइलवर काढलेलं. आजारी माणसाची विमानतळावर जी फरफट होते, तिची सुरुवात बहुतेक वेळा इथंच होते. तिकीट काढणाऱ्याला आईचे गुडघे आज कसे आहेत ते माहीत नसतं आणि आईला तिकिटावर काय नोंदवलंय ते माहीत नसतं.

नुसती ‘व्हीलचेअर’ मागू नका

विमान कंपन्यांच्या नोंदीत व्हीलचेअरचे मुख्य तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना नको, मात्र विमानात शिरल्यावर सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत नेऊन बसवावं लागेल. काहीच न सांगता ‘व्हीलचेअर हवी’ एवढंच म्हटलं, की बहुधा पहिल्या प्रकाराची नोंद होते. मग खुर्ची येते, माणूस आनंदात बसतो आणि विमानाच्या पायऱ्यांशी येऊन अडतो.

सोलापूरकरांनी हे जास्त मनावर घ्यायला हवं. 2025 मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोवा आणि मुंबईची विमानं सुरू झाली. इथं टर्मिनलमधून थेट विमानात नेणारा बंद पूल नाही. धावपट्टीच्या बाजूनं विमानापर्यंत जायचं आणि पायऱ्या चढायच्या. एटीआर जातीच्या, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानात तर प्रवासी मागच्या दारानं चढतात आणि त्या दारालाच अरुंद जिना असतो. पायऱ्या थोड्या, पण दुखऱ्या गुडघ्याला तेवढ्याही पुरतात. मोठ्या विमानतळावर गेलं म्हणजे सुटलो असंही नाही. तिथंही विमान लांब उभं असलं, तर आधी बस आणि मग जिना हे आलंच.

त्यामुळे तिकीट काढण्याआधी घरच्या जिन्यावर पाहून घ्या. कठड्याला धरून दहा-बारा पायऱ्या न थांबता चढता येतात का? आई म्हणेल, “चढते की मी, काय होतंय त्याला!” तिच्या शब्दावर जाऊ नका, समोर उभं राहून बघा. धाप लागली किंवा मध्ये टेकावं लागलं, तर दुसरा प्रकार, म्हणजे डब्ल्यूसीएचएस मागा. मग कंपनीला फोन करून विचारा, की अमुक विमानतळावर जिना न चढता विमानात कसं नेणार? उचलून नेणारी गाडी, म्हणजे ॲम्ब्युलिफ्ट, तिथं आहे का? रॅम्प आहे का? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरा विमानतळ निवडण्याची वेळ तिकिटाआधीची असते, नंतरची नव्हे.

मागणी किमान 48 तास आधी नोंदवा. चालता न येणाऱ्या प्रवाशाला ही मदत मोफत मिळते, स्वतःची घडीची व्हीलचेअर नेली तरी तिचं भाडं लागत नाही. एजंटकडून किंवा बुकिंगच्या ॲपवरून तिकीट काढलं असेल, तर नोंद कंपनीपर्यंत पोचलीच असेल असं धरून चालू नका. पीएनआर सांगून फोनवर प्रकार वाचून घ्या, जाण्याचा, येण्याचा आणि मधल्या प्रत्येक विमानाचा.

विमानाचे तास मोजू नका, घरापासून मोजा

ही चूक सगळ्यात महागात पडते. विमान दीड तासाचं म्हणून औषधं दीड तासाच्या हिशेबानं ठेवली जातात. पण सोलापूरहून पुण्याला जायचं तर अडीचशे किलोमीटर, मोहोळ-टेंभुर्णी-इंदापूर-भिगवण करत पाच तास. हैदराबाद तर तीनशेच्या वर. त्यात विमानतळावर दोन तास आधी, परदेशी जायचं असेल तर तीन. विमानाला उशीर झाला तर तो वेगळाच. सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंतच्या सगळ्या गोळ्या या दिवसात बसवाव्या लागतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांची गोची इथंच होते. जेवण येणार म्हणून जेवणाआधीचं इंजेक्शन घेतलं आणि विमान धावपट्टीवरच उभं राहिलं, तर साखर झपाट्यानं उतरते. ताट समोर आल्याशिवाय ते इंजेक्शन घेऊ नका. ग्लुकोज किंवा साखर खिशात ठेवा, वरच्या कप्प्यातल्या बॅगेत नको. शेंगापोळी सोबत असावीच, पण साखर उतरलेली असताना ती उशिरा काम करते. तिचा नंबर साखरेनंतर. शेंगाचटणीचे डबे मात्र चेक-इनच्या बॅगेत टाका. सुरक्षा तपासणीत तिखटाच्या पुडीवरून हुज्जत घालण्याइतकी ताकद आजारी माणसाकडे नसते.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद गाडी त्याहून तापते. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण 25 ते 30 अंशांपर्यंत चार आठवडे टिकतं, तापलेल्या डिकीत नाही. उलट टोकाची चूकही होते. बर्फाच्या पाकिटाला चिकटवून ठेवलं आणि ते गोठलं, की ते वापरायचं नाही, वितळल्यावरही नाही. पाण्यात भिजवून वापरायच्या पिशव्या मिळतात, त्या बऱ्या. आणि कुठलंही रोजचं औषध चेक-इन बॅगेत कधीच नको. बॅग हरवली तर कपडे विकत मिळतात.

लघवी होणाऱ्या गोळ्यांची गंमत वेगळीच. वाटेत स्वच्छतागृह मिळेल न मिळेल म्हणून लोक गोळी परस्पर बुडवतात आणि पाणीही पीत नाहीत. हृदयाच्या रुग्णाला हे झेपत नाही. गोळी बंद करायची नाही, तिची वेळ सरकवता येईल का हे डॉक्टरांना आधी विचारायचं. डायलिसिसवाल्यांनी तर आधी तिकडचा डायलिसिस ठरवावा आणि मग तिकीट काढावं. उलट क्रमानं हमखास अडकायला होतं.

दम्याचा, फुप्फुसाचा रुग्ण ‘जमिनीवर ठीक आहे’ म्हणून नेऊ नका

विमानाच्या आतली हवा जमिनीसारखी नसते. तिचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितका असतो. सोलापूर साधारण दीड हजार फुटांवर, महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आसपास. म्हणजे विमानात बसणं हे महाबळेश्वरच्याही बरंच वर जाऊन बसण्यासारखं झालं. तिथं निरोगी माणसाचा ऑक्सिजनही काही अंकांनी उतरतो, त्याला कळतही नाही. ज्याचा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा घरी बसल्या बसल्या 92 टक्क्यांच्या खाली आहे, त्याला विमानात सहसा ऑक्सिजन लागतो. त्याच्या वर असला, तरी सपाट रस्त्यावर पन्नास मीटर चालून धाप लागत असेल, तर छातीच्या डॉक्टरांना दाखवूनच ठरवा.

घरचा ऑक्सिजन सिलिंडर बरोबर नेता येईल या भरवशावर निघू नका. कंपनीकडून ऑक्सिजनची सोय आधी मागावी लागते किंवा कंपनीला मान्य असलेलं बॅटरीवरचं छोटं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं यंत्र, न्यावं लागतं. बॅटरी प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल एवढी ठेवा. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

कागद: कधी कमी, कधी उगाच जास्त

आटोक्यातला मधुमेह, रक्तदाब किंवा संधिवात असेल, तर ‘फिट टू फ्लाय’, म्हणजे विमानप्रवास झेपेल अशा डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची गरज नसते. ते लागतं नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, शस्त्रक्रिया झालेली असेल, ऑक्सिजन किंवा स्ट्रेचर हवं असेल किंवा संसर्गजन्य आजार असेल तेव्हा. त्या वेळी कंपनीचा स्वतःचा वैद्यकीय फॉर्म असतो. डॉक्टरांच्या लेटरहेडवरच्या दोन ओळी पुरतीलच असं नाही.

परदेशी, विशेषतः आखाती देशांत किंवा उमराला जाणाऱ्यांनी गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं वाचा. ट्रामाडॉल, कोडीन असलेली दुखण्या-खोकल्याची औषधं इथं चिठ्ठीवर सहज मिळतात, अमिरातीत त्यांच्यावर कडक नियंत्रण आहे. चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ रासायनिक नावासह घ्या आणि गोळ्या आठवड्याच्या डबीत ओतून नेण्याऐवजी पाकिटातच ठेवा.

पेसमेकर किंवा इन्सुलिन पंप असेल, तर सुरक्षा तपासणीच्या दारातून जाण्याआधी सांगा आणि हातानं तपासणी मागा. गुडघा बदललेला असला की यंत्र वाजणारच, घाबरायचं कारण नाही.

ऐनवेळी अडलं तर

गाडीतून उतरल्यावर खुर्ची दिसत नसेल, तर रुग्णाला चालवत काउंटरपर्यंत नेऊ नका. एकानं सोबत थांबायचं, दुसऱ्यानं आत जाऊन कंपनीच्या माणसाला गाठायचं. एकटा प्रवासी असेल, तर दारावरूनच कंपनीला फोन करावा. हैदराबादहून जाणाऱ्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरांना इथं तेलुगूचा फायदा होतो, बाकीच्यांनी हिंदीवर निभावून न्यावं.

खुर्ची ढकलणारा पैसे सूचित करू लागला, तर द्यायची सक्ती नाही, खुशीनं दिलं तर तुमची मर्जी. पण त्यानं रुग्णाला वाटेत एकटं सोडून जाऊ नये, हे मात्र ठणकावून सांगा. उतरताना व्हीलचेअरवाल्यांना बहुधा सगळ्यांनंतर उतरवतात. पुढचं विमान असेल, तर तासाभराची फट पुरत नाही, तीन तास ठेवा. स्वतःची व्हीलचेअर चेक-इनला न देता विमानाच्या दाराशी द्या आणि तिथंच परत मिळावी असं टॅगवर लिहून घ्या. परत मिळाली की तिथल्या तिथं चाकं, ब्रेक तपासा आणि मोडतोड असेल तर विमानतळ सोडण्याआधी लेखी नोंद करा. मदत नाकारली गेली तर वेळ, ठिकाण आणि कर्मचाऱ्याचं नाव टिपून ठेवा. कंपनीनं दाद दिली नाही, तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर पीएनआरसह तक्रार करता येते.