कूलरच्या झोतात मावळा रंगवू नका

परभणीचा मे महिना. पारा ४३-४४ वर. ब्रश धुवून येईस्तोवर प्लेटमधल्या अ‍ॅक्रिलिक रंगावर साय धरलेली असते. २८ मिलिमीटरच्या मावळ्याच्या इवल्याशा मूर्तीचा शेला रंगवताना माझी हीच गत झाली होती. लाल आणि तपकिरी एकमेकांत मिसळायला हवेत, तर मध्ये शेताच्या बांधासारखी रेघ!

अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडालं की रंगाचे कण एकमेकांना धरून बसतात. मग वरून कितीही पाणी लावा, ते सुटत नाहीत. म्हणून सगळी खटपट पाणी टिकवायची.

प्लास्टिकच्या चपट्या डब्यात चार पदरी सुती कापड भिजवून अंथरा, वर केक भाजायचा कागद, रंग त्या कागदावर काढायचा. मेणकागद नको, त्यातून पाणी वर येत नाही. मी आधी तोच आणला अन् दोन दिवस रंगाला शिव्या घातल्या. कागद ओलसर दिसावा, त्यावर पाणी तरंगू नये. झाकण लावून ठेवलात तर रंग दुसऱ्या दिवशीही चालतो.

बसायचं कूलरच्या बाजूला, भिंतीशी. दमट हवा मिळते, वारा लागत नाही.

शेल्याची एका वेळी एकच घडी घ्या. वरच्या अंगाला लाल, खोलात तपकिरी. दोन्ही ओले असतानाच दुसरा ब्रश, धुवून जुन्या बनियनला टिपलेला, सीमेवरून हलकेच फिरवा. चार-पाच हात, बस. इथं हावरटपणा लय नडतो. रंग ब्रशला ओढ द्यायला लागला की हात काढा, नाहीतर पापुद्रे निघतात. पूर्ण वाळू द्या, मग पुन्हा.

तरी जमेना तर मेडिकलमधलं ग्लिसरीन. १० थेंब पाण्यात १ थेंब, आणि त्या पाण्यानं रंग पातळ करा. जास्त झालं की मावळा चिकट राहतो, सगळी धूळ अंगावर घेतो.

उरलेली रेघ झाकायला लाल-तपकिरी मिसळून मधला रंग करा, ताकाच्या निवळीइतका पातळ. ब्रश टिपून घ्या, हात उजेडाकडून सावलीकडे ओढा. ब्रश जिथं उचलाल तिथं रंग जास्त साचतो. असे तीन-चार थर, प्रत्येक वाळल्यावर. एवढ्या एका कामाला आपला उन्हाळा मदत करतो: थर मिनिटभरात कोरडा, चहा गार व्हायच्या आत शेला तयार.