झिजलेल्या पोकलेनची चेन उतरू नये म्हणून

चेन उतरली की पहिला हात ग्रीस गनकडे जातो (अॅडजस्टर नावाच्या सिलिंडरात ग्रीस भरलं की चेन कसते). माझाही जायचा. माझ्या 20 टनी जुन्या पोकलेनची डावी चेन एकदा आठ दिवसांत तीनदा उतरली. तिन्ही वेळा चढवली आणि तिन्ही वेळा आणखी चार पंप ग्रीस मारून कसली. तिसऱ्या खेपेला चिखलात गुडघे टेकून पहारीने चेन सरकवताना आयडलरकडे, म्हणजे चेनच्या पुढच्या टोकाच्या चाकाकडे, नीट लक्ष गेलं. त्याच्या मधल्या उंचवट्याची बाहेरची बाजू गंजलेली, मातकट होती आणि आतली बाजू घासून आरशासारखी चकचकीत झाली होती. म्हणजे चेन सैल होती म्हणून उतरत नव्हतीच. आयडलर तिरका चालत होता आणि मी ग्रीस मारमारून त्याला तसाच जोरात पुढे रेटत होतो.

(एक्स्कॅव्हेटर कुठल्याही कंपनीचा असो, आपण त्याला पोकलेनच म्हणतो. मुळात ते एका फ्रेंच कंपनीचं नाव. मीही तेच वापरणार.)

नव्या मशीनची चेन उतरली तर बहुतेक वेळा ती सैल तरी असते किंवा मध्ये दगड तरी अडकलेला असतो. जुन्या मशीनचं तसं नाही. चेनला जागेवर धरणारं सगळंच थोडंथोडं गेलेलं असतं: आयडलरचा उंचवटा, खालच्या रोलरच्या कडा, लिंकच्या (चेनच्या कड्यांच्या) बाजू, त्यांना जोडणारे पिन-बुशचे सांधे, चेनला बाजूला जाऊ न देणारे फ्रेमवरचे गार्ड. म्हणून पाना उचलायच्या आधी मशीन धुवा आणि चमक कुठे आहे ते शोधा. आयडलर एकाच बाजूने घासला असेल तर तो तिरका आहे किंवा सरकलाय. स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या मागच्या दातेरी चाकाचे) दातही एकाच बाजूने घासले असतील तर फ्रेम वाकली असल्याचा संशय घ्या. मग मशीन सपाट जागी सरळ पुढे घेऊन थांबवा, समोर दहा पावलं लांब उभे राहा, एक डोळा मिटा आणि वरच्या चेनकडे बघा. ती सापासारखी वळवळलेली दिसली, तर सांध्यांत फट पडली आहे. अशी चेन कितीही कसली तरी बाजूला लवणारच.

आता झोळ मोजायचा, म्हणजे चेन किती लोंबते ते. बॉडी 90 अंश फिरवा, म्हणजे बूम चेनच्या बाजूला येईल. बूम आणि आर्ममधला कोन 90 ते 110 अंशांत ठेवा, बकेटची गोल पाठ जमिनीला टेकवा (दात नव्हेत) आणि दाबून ती बाजू उचला. फ्रेमखाली भक्कम ठोकळे द्या. चेन पुढे-मागे दोन-तीन फेरे फिरवून माती झाडा. मग चेन थांबवा, लॉकचा लिव्हर ओढा आणि मधल्या रोलरपाशी फ्रेमच्या तळापासून शूच्या (चेनवरच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्टीच्या) पाठीपर्यंतचं अंतर मोजा. माझ्या मशीनच्या पुस्तकात ते 300 ते 335 मिमी दिलंय. तुमच्या पुस्तकात वेगळं असेल तर तेच धरा. काही कंपन्या चेन जमिनीवर असतानाच आयडलर आणि वरच्या रोलरवर सरळ पट्टी ठेवून तिच्याखालचा झोळ मोजायला सांगतात. तो आकडा काही मोजक्या सेंटिमीटरांचाच असतो. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीला लावू नका. असं केलेली एक चेन मी पाहिली आहे, वीणेच्या तारेसारखी ताठ.

मी कोरड्या टणक जमिनीवर 315 च्या आसपास ठेवतो आणि चिखलात 330. चिखल स्प्रॉकेटच्या दातांत बसतो आणि चेन आपोआप कसते, म्हणून चिखलात थोडी ढील लागते. झिजलेल्या मशीनला मर्यादेपेक्षा जास्त कसण्याचा मोह होतो. पण घट्ट चेनमध्ये पिन-बुश जास्त रगडले जातात, चेन आणखी लांबते आणि तुम्ही ती परत कसता. हे चक्र कुठे जातं ते मी भोगलं आहे.

कसायला निपलमधून आत ग्रीस, सैल करायला ते बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. त्या व्हॉल्व्हबद्दल मात्र मी हेल्परला दर वेळी नव्याने सांगतो. आत ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. व्हॉल्व्ह हळूहळू, फार तर एक फेरा फिरवायचा. तोंड, हात, पाय कधीच त्याच्या समोर नाहीत, बाजूला उभं राहायचं. ग्रीस येत नसेल तर आणखी फिरवायचा नाही. व्हॉल्व्ह बंद करून मशीन थोडं पुढे-मागे करायचं आणि मग पुन्हा बघायचं. निपल तर कधीच सोडवायचं नाही. दाबातलं ग्रीस कातडीत घुसलं तर बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. तरी त्याच क्षणी दवाखाना गाठायचा आणि ‘दाबातलं ग्रीस आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. बोटं जाऊ शकतात. अॅडजस्टरमागे जी जाड स्प्रिंग असते तिचे नट-बोल्टही साइटवर कोणी सोडवायचे नाहीत. ती दाबून बसवलेली असते, सुटली तर माणूस मारते. ते काम तिला दाबून धरणारं साधन असलेल्या वर्कशॉपचं.

ग्रीस मारल्यावर मशीन पुढे-मागे करून पुन्हा मोजा. रात्री बरोबर असलेला झोळ सकाळी वाढला असेल तर अॅडजस्टरचं सील गेलंय. सिलिंडरच्या तोंडाशी ताजं ग्रीस दिसेल. सील बदलेपर्यंत रोज पंप मारत बसलात तर कधीतरी उतारावर ते दगा देणार.

चेन ताणली असं सगळे म्हणतात. लोखंड ताणत नाही, सांधे झिजतात. 20 टनी मशीनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर सहसा 190 मिमी असतं. ते 193 च्या आसपास गेलं की चेनचं काम संपत आलं. एकच लिंक मोजली तर चूक होते, म्हणून चार मोजा. स्प्रॉकेटचा दात आणि चेन यांच्यामध्ये जुनी पिन ठेवून मशीन हळूच मागे घेतलं की वरची चेन ताठ होते. मग मशीन बंद करून, मास्टर पिन (चेनची टोकं जोडणारी खास पिन) मापात न घेता, एका पिनच्या कडेपासून पाचव्या पिनच्या त्याच कडेपर्यंत टेप लावा. नवी चेन 760 मिमी भरते. 772 भरली तर लिंकमागे 3 मिमी गेले. हे 3 मिमी किरकोळ वाटतात, पण 49 लिंकची चेन असेल तर एकूण लांबी 147 मिमी वाढली. चेन वरून आणि खालून अशी दुहेरी असल्यामुळे आयडलरला त्याच्या निम्मं, म्हणजे 73-74 मिमी पुढे यावं लागतं. अॅडजस्टरची चाल कुठेतरी संपतेच.

चाल संपली की लोक एक लिंक काढतात. आयडलर साधारण 95 मिमी मागे येतो आणि झोळ पुन्हा बसतो. मीही एकदा केलंय, हातातलं काम संपवण्यापुरतं. पण प्रत्येक सांध्यातली फट तशीच राहते, त्यामुळे स्प्रॉकेटच्या दातांशी चेनचा मेळ बसत नाही आणि बाजूचा हेलकावाही जात नाही. वेळेत पकडलं तर पिन-बुश प्रेसवर काढून 180 अंश फिरवून घेता येतात. न झिजलेली बाजू पुढे येते आणि चेन बरीच चालते. बुश घासून पातळ व्हायच्या आधी हे करायला हवं, तडा गेल्यावर उपयोग नाही. आणि दात टोकदार झालेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन किंवा लांबलेल्या चेनखाली नवं स्प्रॉकेट बसवू नका. जुनं नव्याला खातं.

माझं खरं दुखणं आयडलरच्या खाचेत होतं. आयडलरच्या दोन्ही बाजूंना सरकते ठोकळे असतात आणि ते फ्रेमच्या खाचेतून पुढे-मागे होतात. खाच झिजून रुंद झाली की आयडलर डुलतो. तपासणी सोपी आहे: ती बाजू उचलून ठोकळ्यांवर ठेवा, मशीन बंद करा आणि आयडलर व फ्रेम यांच्यात पहार घालून आडवा रेटा द्या. किंचित हालचाल असतेच. माझा बोटभर हलला. चेन उघडून आयडलर बाहेर काढला, खाचेत झिजलेल्या जागी पट्ट्या वेल्ड केल्या, घासून सारख्या केल्या, ठोकळे बदलले. त्यानंतर तीच जुनी चेन, तेच रोलर, आणि डावी बाजू बराच काळ उतरली नाही.

खालचे रोलर एका बाजूला साधारण 7 ते 9 असतात, आणि सगळे सारखे झिजत नाहीत. आयडलरच्या मागचा पहिला आणि स्प्रॉकेटजवळचा शेवटचा, हे दोघे चेनला वाटेवर आणतात. त्यांच्या कडा पातळ झाल्या असतील आणि मधल्यांच्या जाड असतील तर अदलाबदल करा: चांगले टोकांना, झिजलेले मध्ये. खर्च काहीच नाही, अर्धा दिवस आणि घाम. तेल गळणारा किंवा जाम झालेला रोलर मात्र मध्येही ठेवू नका. वरचा रोलर जाम असेल तर चेन त्याच्यावरून घासत जाते, त्याला खाच पाडते आणि बाजूला कलते.

फ्रेमवरचे गार्ड बघा. वाकले, आड आले, की कोणीतरी गॅस कटरने कापून टाकतो आणि विसरतो. झिजलेल्या चेनला ते गार्ड नव्या चेनपेक्षा जास्त लागतात. परत बसवून घ्या. शू गरजेपेक्षा रुंद असतील तर खडकावर ते चेनला पिरगळतात. जमिनीत रुतणार नाही इतपत अरुंद शू बरा.

आता पाय आणि लिव्हर. मी सांगतो ते दुरुस्तीपेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण जुन्या मशीनची चेन निम्मी तरी ऑपरेटरच्या पायावर टिकते. आयडलर पुढे, स्प्रॉकेट मागे ठेवून चाला. बॉडी फिरलेली असली की दिशा कळत नाही आणि लिव्हरही उलटे होतात, म्हणून हलायच्या आधी स्प्रॉकेट कुठे आहे ते खाली वाकून बघायची सवय लावा. मागे जाताना ओढ आयडलरवर येते. त्यात वळण घेतलं आणि आयडलरखाली दगड आला की स्प्रिंग दबते, चेन क्षणभर ढिली पडते आणि तेवढ्यात उडी मारते. माझ्या तीनपैकी दोन वेळा हेच झालं होतं: चर खणून झाल्यावर घाईत मागे येताना वळवणं.

एक चेन पुढे, एक मागे करून जागच्या जागी गरकन फिरवायचं विसरा. थोडं वळवा, दोन मीटर सरळ चला, पुन्हा थोडं वळवा. वेळ लागतो, लागू द्या. आडव्या उतारावर वळू नका. तिथे मशीनचं सगळं वजन रोलरच्या कडा लिंकवर दाबत असतं आणि त्या कडाच तर गेलेल्या आहेत. उतार सरळ चढा, सरळ उतरा आणि वळण सपाटीवर घ्या. चाकोरीत किंवा चरात रुतलेली चेन वळवायला गेलात तर काठ तिला धरून ठेवतो आणि फ्रेम तिच्यातून निसटते. आधी सरळ बाहेर या. दगड ओलांडायचाच असेल तर सरळ आणि कासवाच्या गतीने. सशाचं, म्हणजे जलद चालीचं, बटण जुन्या मशीनवर मी वापरत नाही.

काम थांबलं की एकेक बाजू उचलून चेन फिरवा आणि माती झाडा. फावड्याने स्प्रॉकेट आणि वरच्या रोलरभोवतीचं उकरून काढा, अर्थात चेन थांबवून. रात्रभर वाळलेला चिखल सकाळी विटेसारखा होतो.

एवढं करूनही उतरली, तर लगेच थांबा. अर्धी उतरलेली चेन मीटरभर ओढली की पूर्ण उतरते आणि लिंक वाकतात. आधी व्हॉल्व्ह सोडून ढील द्या, ती बाजू उचलून ठोकळे लावा, दगड-माती काढा. चेन स्प्रॉकेटच्या दातांवर आणि वरच्या रोलरवर नीट बसवा. आयडलरपाशी पहारीने ती उंचवट्याच्या रेषेत आणा. मग सगळ्यांना लांब करून, सर्वांत कमी गतीने पाव फेरा फिरवा, थांबवा, बघा, पुन्हा पाव फेरा. फिरणाऱ्या चेनमध्ये पहार किंवा हात कोणाचाही नाही. चढली की झोळ लावा आणि दहा-वीस मीटर सरळ चालवून पुन्हा मोजा.

शेवटी आयडलरच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजू पुसून पांढऱ्या रंगाचे पट्टे मारा, पहिल्या आणि शेवटच्या रोलरच्या कडांनाही. दोन तास काम करा आणि उतरून बघा, कुठला पट्टा आधी गेला.