बंडखोरीविरोधी कामगिरीवर निघालेल्या पलटणीने विशेष दलांकडून काय घ्यावे

समोरासमोरच्या युद्धासाठी घडवलेली पायदळाची पलटण काश्मीरमध्ये किंवा ईशान्येत बंडखोरीविरोधी कामगिरीवर जाणार असेल, तर विशेष दलांकडून नेमके काय शिकायचे हे कमांडिंग ऑफिसरने आधीच ठरवावे. बहुतेकांची नजर त्यांच्या शस्त्रांवर खिळते. उचलण्यासारखी आहे ती सहा-आठ जणांच्या तुकडीने वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता निर्णय घेण्याची सवय.

त्यामुळे सुरुवात सेक्शनच्या, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीच्या, कमांडरपासून करावी. पॅरा स्पेशल फोर्सेस या लष्कराच्या विशेष दलातला अनुभवी हवालदार मिळाला, तर त्याला फळ्यासमोर उभे न करता रात्री सेक्शनबरोबर दबा धरायला बसवावे. रायफलच्या पट्ट्याची कडी चिकटपट्टीने बांधली नाही तर ती वाजते, बिस्किटाच्या पुड्याचा आवाज शांत रानात लांबवर जातो, हे जवानाला तिथेच उमगते. त्याहून मोलाची शिकवण म्हणजे कोणत्या वेळी गोळी झाडू नये हे ओळखणे, कारण अंधारातून येणारा माणूस हरवलेले जनावर शोधणारा गावकरीही असू शकतो.

1970 पासून मिझोराममधील वैरेंगटे येथे असलेली लष्कराची प्रशिक्षण शाळा ‘गनिमाशी गनिमासारखे लढा’ हे ब्रीद बाळगते, आणि ते मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. अशा प्रशिक्षणाला निवडक जवान न पाठवता शक्यतो तुकड्याच्या तुकड्या पाठवाव्यात, कारण परतलेला एकटा जवान जुन्या सवयींत लवकर विरघळतो.

विशेष दलाचे संस्कार नेहमीच्या पलटणीत येण्याचा एक मार्ग नेतृत्वाचा आहे. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक 21 पॅरा स्पेशल फोर्सेसचे, आणि ही पलटणही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची. नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात त्यांना वीरमरण आले तेव्हा ते राष्ट्रीय रायफल्स या लष्कराच्या बंडखोरीविरोधी दलातील 41व्या पलटणीचे नेतृत्व करत होते.

अनुकरणाला मर्यादा मात्र हवी. विशेष दल ठरावीक लक्ष्यासाठी येते आणि निघून जाते, तर पलटणीला त्याच गावांत महिनोन्‌महिने राहायचे असते. प्रत्येक कंपनी छापे घालण्याच्या मागे लागली, तर रस्त्यांची राखण सुटते आणि खबर देणारी माणसे दुरावतात. म्हणून प्रत्येक चौकीवर एक वही ठेवावी, तिच्यात कोणाचे कोणाशी वैर आहे, कोणत्या घराचे कुत्रे रात्री कधी भुंकते, हे रोज नोंदवावे, आणि बदली होताना ती वही नव्या कंपनी कमांडरला त्याच वाटांवर गस्त घालत समजावून द्यावी.